रोजच्या भातासाठी विजेचा कुकर: केवढा आणि कोणता घ्यावा?

प्रश्न: जुळे सोलापूरकर

नमस्कार. आमचे घर मूळचे भाकरीचे आहे. दोन्ही वेळा ज्वारीची भाकरी, सोबत कालवण किंवा पिठले, शेंगांची चटणी आणि शेवटी वरणाबरोबर किंवा ताकाबरोबर थोडा भात, असा आमच्याकडचा क्रम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. घरात आम्ही पाच माणसे असून त्यांपैकी आई, वडील आणि शाळेत जाणारी मुलगी यांना संध्याकाळी भात लागतोच. आईला दातांमुळे तो आसट, मऊ लागतो, तर मुलीला मोकळा आवडतो.

अडचण अशी, की मी आणि पत्नी दोघेही नोकरीवरून उशिरा परततो आणि तोपर्यंत आई गॅसवर कुकर चढवून बाहेरच्या खोलीत जाऊन बसते. तिला शिट्ट्या नीट ऐकू येत नाहीत, वडिलांना तर मुळीच नाही. कुकर कोरडा पडून डबे काळे होण्याचे प्रकार वाढल्यामुळे, भात शिजला की आपोआप बंद होणारा विजेचा कुकर घ्यावा असे आम्ही ठरवले आहे.

नव्या पेठेत दोन-तीन दुकानांत चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी "पाहुणे-रावळे येतात, मोठाच घ्या" असे सांगून २.८ लिटरचा पुढे केला. आमच्यासाठी एक लिटरचा पुरेल की १.८ लिटरचा घ्यावा? आतले भांडे स्टीलचे असावे की काळ्या लेपाचे? एका खटक्याचा साधा कुकर बरा, की बटणे आणि आकडे असलेला? आणि मुख्य म्हणजे, त्यात भाताबरोबर तुरीचे वरणही होते का? अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगितल्यास उपकार होतील.

उत्तर: पूर्व भागातील गृहिणी

दादा, आमचे घर पूर्व भागातले, तेलुगू भाषकांचे. आमच्याकडे भाकरी पाहुणी आणि भात घरचा, म्हणून या विषयावर बोलण्याचा अधिकार थोडासा आपल्याकडे घेते. विजेचा कुकर आमच्या ओट्यावर कायमचा मांडलेला असतो आणि दिवसातून दोनदा चालतो.

सर्वात आधी मापाचे बघा, कारण खरा घोळ तिथेच आहे. खोक्यावर छापलेल्या लिटरचा अर्थ प्रत्येक ठिकाणी एकच नसतो. जपानी पद्धतीच्या कुकरमध्ये लिटरचा आकडा कच्च्या तांदळावरून आलेला असतो. त्यांच्यासोबत येणारा प्लॅस्टिकचा पेला १८० मिलिलिटरचा असतो, म्हणजे आपल्या चहाच्या मोठ्या कपापेक्षा लहान, आणि असे दहा पेले तांदूळ म्हणजे १.८ लिटर. याउलट अनेक कुकरवरचा लिटरचा आकडा आतल्या भांड्यात एकूण किती मावते किंवा शिजलेला भात किती होतो, याचा असतो. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेले, दोन्हींवर १.८ लिहिलेले कुकर आकाराने एकमेकांच्या जवळपासही नसतात. दुकानदाराला लिटर विचारूच नका. "यात कच्चा तांदूळ जास्तीत जास्त किती आणि कमीत कमी किती शिजतो?" एवढेच विचारा आणि झाकण उघडून भांड्याच्या आतल्या रेघा स्वतः पाहा.

आता तुमचा हिशेब. भाकरी खाऊन वर थोडा भात घेणाऱ्या पाच माणसांना त्या लहान पेल्याने दोन पेले तांदूळ, म्हणजे अंदाजे ३०० ग्रॅम, भरपूर झाले. त्यात दुपटीपासून अडीचपटीपर्यंत पाणी घातले की सगळे मिळून भांड्यात एक लिटरच्या आसपास जाते. वर फेस चढायलाही जागा हवी. म्हणून आकडा भांड्याच्या मापाचा असेल तर एक लिटरचा कुकर तुम्हाला अपुरा पडेल, उकळी आली की पेज झाकणातून ओट्यावर येईल. तिथे दीड ते १.८ लिटरचा घ्या. आकडा कच्च्या तांदळाचा असेल तर मात्र एक लिटरचा पुरून उरेल.

मोठा घेऊ नका हे मी जरा ठासूनच सांगते. पाहुणे वर्षातून चार-सहा वेळा येतात आणि तेव्हा गॅसवर पातेले चढवता येते, पण रोजचा भात रोज होतो. रुंद बुडाच्या मोठ्या भांड्यात दोन पेले तांदळाचा पातळ थर पसरतो, पाणी झपाट्याने आटते, खाली खरपुडी धरते आणि वरचे शीत टणक राहते. मग कुकर वाईट निघाला असे आपण म्हणतो, आणि दोष त्याचा नसतोच.

एकाच भांड्यात आईंचा मऊ आणि मुलीचा मोकळा असे दोन्ही भात होणार नाहीत. आमच्याकडे सासूबाईंसाठी सोपी तोड आहे. मोकळा शिजलेला भात त्यांच्यापुरता वाटीत काढायचा, त्यावर उकळते पाणी आणि चमचाभर तूप घालून पळीने घोटायचा आणि झाकून ठेवायचा. पाच-दहा मिनिटांत तो आसट होतो.

उत्तर: निवृत्त शिक्षक, विद्युत शाखा

वरील ताईंनी मापाचे सांगितले आहे ते तंतोतंत खरे आहे. मी खटका आणि वीज यांपुरते लिहितो, कारण कुकर कसा बंद होतो हे कळले की साधा घ्यावा की बटणांचा, हा प्रश्न बहुतांशी सुटतो.

आतले भांडे उचलून पाहिले तर खाली तापणारी गोल तबकडी दिसते आणि तिच्या मधोमध स्प्रिंगवर वर-खाली होणारी एक लहान टोपी असते. भांडे ठेवले की ती टोपी त्याच्या बुडाला घट्ट टेकते. तिच्या आत लोहचुंबक असते आणि आपण खटका खाली दाबतो तेव्हा ते चुंबक धरून राहते. भांड्यात मोकळे पाणी आहे तोवर बुडाचे तापमान उकळबिंदूच्या फारसे वर जाऊच शकत नाही. (आपले सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर असल्यामुळे इथे पाणी १०० अंशांच्या दीडेक अंश आधीच उकळते, पण भाताला त्याने काही फरक पडत नाही.) तांदळाने सगळे पाणी शोषले की बुडाचे तापमान एकदम चढू लागते आणि १०० अंशांच्या थोडे पुढे गेले की त्या चुंबकाचे चुंबकत्व नाहीसे होते. पकड सुटते, स्प्रिंग खटका वर ढकलते, 'कट्' असा आवाज होतो आणि कुकर भात नुसता गरम ठेवण्याच्या अवस्थेत जातो. आपोआप बंद होणारा विजेचा कुकर जपानमध्ये तोशिबा कंपनीने १९५५ साली बाजारात आणला. त्याची यंत्रणा थोडी निराळी होती, पण पाणी संपल्यावर तापमान चढते हे सूत्र तिथेही तेच होते.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली म्हणजे कुकर घड्याळावर चालत नाही, पाण्यावर चालतो. आपण पाणी जास्त घातले तर तो जास्त वेळ चालेल आणि भात गिच्च होईल, त्यात त्याचा इलाज नाही. दुसरी म्हणजे ती टोपी आणि भांड्याचे बूड यांच्यामध्ये काहीही येता कामा नये. एखादे शीत तिथे अडकून वाळले तरी खटका वेळेवर पडत नाही आणि भात लागतो. म्हणून भांडे बाहेरून कोरडे पुसूनच आत ठेवावे आणि ठेवल्यावर दोन्ही हातांनी थोडे डावीकडे-उजवीकडे फिरवून नीट बसवावे. तिसरी गोष्ट मसालेभात करणाऱ्यांसाठी आहे. या भांड्यात तेल तापवून फोडणी करायला गेल्यास तापमान लगेच चढते आणि खटका उडतो. काही जण तो चमचा अडकवून खाली दाबून ठेवतात. हे कदापि करू नये. फोडणी कढईत करून मग कुकरमध्ये ओतावी.

तुमच्या आईंना वापरायचा असल्यास माझे मत निःसंदिग्धपणे एका खटक्याच्या साध्या कुकरच्या बाजूने आहे. आपल्याकडे वीज मध्येच जाते. खटक्याची पकड चुंबकाची असल्यामुळे वीज गेली तरी खटका खालीच राहतो आणि थोड्या वेळात वीज आल्यावर शिजणे जिथे थांबले तिथून पुढे सुरू होते. बटणांच्या कुकरमध्ये ते आतल्या सर्किटवर अवलंबून असते. काही पुढे चालू होतात, काही नुसते दिवे मिचकावत बसतात. मात्र वीज तासाभराहून अधिक वेळ गेली तर अर्धवट शिजलेला भात तसाच ठेवू नये, गॅसवर उरकून टाकावा. हा कुकर घरच्या इन्व्हर्टरवर लावण्याचा मोहही टाळावा. पंखे आणि दिवे यांच्यासाठी बसवलेल्या लहान इन्व्हर्टरला ७०० वॉटचा भार झेपत नाही.

विजेच्या बिलाची फार चिंता नको. ७०० वॉटचा कुकर अर्धा तास चालला तर ०.३५ युनिट जळते, म्हणजे रोज एकदा लावल्यास महिन्याला साडेदहा युनिटांच्या आसपास. प्रवाह सुमारे तीन अँपिअर असल्याने घरातला सहा अँपिअरचा साधा प्लग चालतो, परंतु तो तीन पिनांचा असावा आणि अर्थिंग खरोखर जोडलेले असावे. जुन्या घरांत अर्थिंगचे भोक असते, पण मागे तारच नसते. ते वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

उत्तर: शिटीचा पक्षपाती

मी विरोधी सूर लावतो, राग नसावा. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो: विजेच्या भाताच्या कुकरमध्ये भाताबरोबर तुरीचे वरण होत नाही. त्यात वाफेचा दाब नसतो, झाकणाच्या छिद्रातून वाफ निघून जाते आणि भात तयार होतो त्या पंचवीस-तीस मिनिटांत तुरीची डाळ कचकचीत राहते. मुगाची किंवा मसुराची डाळ एक वेळ शिजेल, मुगाची खिचडीही चांगली होते, परंतु तूर नाही. मग आई भात विजेवर लावून वरणासाठी गॅसवर शिटीचा कुकर चढवणारच आणि तुमची मूळ काळजी जागच्या जागी राहणार.

त्यापेक्षा वेळ लावता येणारी इंडक्शन शेगडी घ्यावी आणि तिच्यावर चालेल असा चुंबक चिकटणाऱ्या बुडाचा शिटीचा कुकर ठेवावा. खालच्या डब्यात डाळ, वरच्या डब्यात भात आणि शेगडीवर वीस-पंचवीस मिनिटांची वेळ. शिट्ट्या मोजायला नकोत, वेळ संपली की शेगडी स्वतः बंद होते. वर-खाली डबे लावून वरण-भात एकदम करण्याची आपली पद्धत दुसऱ्या कोणत्याही यंत्राला जमलेली नाही.

उत्तर: निवृत्त शिक्षक, विद्युत शाखा

मुद्दा योग्य आहे आणि तुरीच्या डाळीबाबत मी पूर्ण सहमत आहे. फक्त इंडक्शन शेगडी साधारणपणे १,२०० ते २,००० वॉटची असते. २,००० वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. तिला सोळा अँपिअरचा वेगळा प्लगच हवा, ओट्यावरचा मिक्सरचा प्लग चालणार नाही. शिवाय आईंना स्पर्शाच्या बटणांवर आच आणि वेळ दोन्ही रोज लावावी लागतील. ज्यांच्या हाताला एका खटक्याची सवय लवकर होईल, त्यांना हे जमेलच असे नाही. त्यांच्यासमोर एकदा दोन्ही ठेवून पाहावे.

प्रश्नकर्ता: जुळे सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. आईला विचारले. बटणांच्या शेगडीला तिने साफ नकार दिला. त्यामुळे तुरीची डाळ सकाळी आम्ही घरात असतानाच शिटीच्या कुकरमध्ये शिजवून, निवल्यावर फ्रीजमध्ये ठेवायची आणि संध्याकाळी आल्यावर पत्नीने किंवा मी ती उकळून फोडणी द्यायची, असे ठरले. आईकडे फक्त भाताचा खटका राहील. आता उरलेल्या शंका अशा: आमच्याकडे इंद्रायणी आणि कोलम हे दोन्ही तांदूळ येतात, त्यांना पाणी किती घालावे? नळाचे पाणी रोज येत नसल्याने अधूनमधून बोअरचे पाणी वापरावे लागते, त्याचा भांड्यावर परिणाम होतो का? आणि सात वाजता झालेला भात आम्ही येईपर्यंत, म्हणजे साडेनऊपर्यंत, त्यातच गरम ठेवला तर चालेल का?

उत्तर: भुसार दुकानदार

तांदळाचे मी सांगतो, कारण आमचा दिवस त्यातच जातो. पाण्याचे प्रमाण विचारताना तांदळाच्या नावाइतकेच त्याचे वयही विचारावे. जुना, मुरलेला तांदूळ जास्त पाणी पितो आणि फुलतो, नवा थोडक्या पाण्यातही चिकटतो. विजेच्या कुकरमध्ये वाफ बाहेर जात असल्याने शिटीच्या कुकरपेक्षा पाणी थोडे जास्तच लागते, हेही लक्षात ठेवावे.

जुना कोलम असेल तर एका पेल्याला सव्वादोन ते अडीच पेले पाणी घालून सुरुवात करावी. आपल्याकडे कर्नाटकातून येणारा सोना मसुरीही साधारण तेवढेच घेतो आणि रोजच्या मोकळ्या भाताला मला स्वतःला तोच जास्त पसंत आहे. इंद्रायणी मुळातच चिकट आणि वासाचा तांदूळ आहे. त्याला पावणेदोन ते दोन पेले पुरतात, त्याहून जास्त झाले की लगदा होतो. मुलीला मोकळाच हवा असेल तर रोज इंद्रायणी लावू नका. आईंना मात्र तो आवडेल. दोन्ही तांदूळ एकत्र करून लावण्याचा प्रयोग ग्राहक करतात आणि मग तांदळाला नावे ठेवतात. दोघांचे पाणी आणि शिजण्याचा वेळ वेगळा, ते एका भांड्यात कसे जुळणार?

तांदूळ दोन-तीन पाण्यांनी स्वच्छ धुवावा, पण रोवळीत किंवा दुसऱ्या पातेल्यात, कुकरच्या भांड्यात नव्हे. धुतल्यावर वीस मिनिटे भिजत ठेवल्यास शीत लांब होते आणि वरची पिठी निघून गेल्यामुळे फेसही कमी येतो. खटका उडाल्यावर लगेच झाकण काढू नये, दहा मिनिटे भात वाफेवर मुरू द्यावा. आईंना एवढे एकच सांगून ठेवा, बाकी त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळते.

उत्तर: पूर्व भागातील गृहिणी

राहिलेल्या दोन शंकांचे मी लिहिते. बोअरच्या पाण्याने भांड्याच्या कडेला पांढरे क्षार धरतात. आतल्या भांड्यात लिंबाचे सालपट किंवा थोडे व्हिनेगर टाकून पाणी उकळले आणि थोडा वेळ तसेच ठेवले की ते सुटतात, घासायची गरज पडत नाही. शक्य झाल्यास भातापुरते तरी नळाचे पाणी राखून ठेवा, कारण बोअरच्या पाण्यात शिजलेल्या भाताला पिवळट झाक येते.

काळ्या लेपाच्या भांड्याला भात चिकटत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र स्टीलचे उलथने आणि तारेची घासणी यांच्यापुढे तो लेप टिकत नाही. आईंचा हात भांडी खसाखसा घासणारा असेल, किंवा भांडी घासायला बाई येत असतील, तर स्टीलचे भांडे बरे. बुडाला थोडा भात लागेल, पण पाणी घालून ठेवले की निघतो. लेप खूप तापला तर विषारी धूर निघतो असे लोक म्हणतात. ते २५० अंशांच्या पुढचे आहे. भाताच्या कुकरमध्ये पाणी असताना तेवढे तापमान होतच नाही, त्यामुळे रिकामे भांडे लावून खटका दाबू नये एवढे पथ्य पुरे.

गरम ठेवण्याचे म्हणाल, तर सात ते साडेनऊ अगदी चालेल. भात साठ अंशांच्या वर गरम असेल तोवर बिघडत नाही. खरा धोका शिजलेला भात नुसता ओट्यावर झाकून ठेवण्यात आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळिसाच्या पुढे जातो आणि त्या उकाड्यात भातात वाढणारे काही जंतू असे विष तयार करतात, की नंतर कितीही गरम केला तरी ते जात नाही. म्हणून जेवणे झाली की उरलेला भात लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये टाकावा आणि कुकरची पिन काढून ठेवावी. साध्या कुकरमध्ये खटका उडाल्यावरही पिन काढेपर्यंत मंद आच चालूच राहते, रात्रभर तशीच राहिली तर सकाळी बुडाला वाळका, पिवळा पापुद्रा मिळतो. बंद करण्याचे हे काम आईंवर न ठेवता तुम्हीच करा.

घेताना आणखी एक पाहा. आतले भांडे आणि काचेचे झाकण सुटे मिळते का, आणि त्या कंपनीचे दुरुस्ती केंद्र सोलापुरातच आहे की पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्या. साध्या खटक्याच्या कुकरची तबकडी आणि खटका आपल्याकडचे मिक्सर दुरुस्त करणारेही बदलून देतात. बटणांच्या कुकरचे सर्किट गेले की ते हात वर करतात.